पट्टी दर वेळी त्याच जागी का मोडते?

लाकडाची पातळ पट्टी रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी तापलेल्या पाइपवर धरून हळूहळू दाबत नेली. पाऊण बाक इतका सुरेख आला की मनात म्हटलं, आज जमलं. तेवढ्यात टच्च. बाहेरच्या अंगाला लांबलचक ढलपी उभी. मग दुसरी पट्टी घेतली, तिला दोन रात्री भिजवलं. तीही मोडली, साधारण तिथेच.

पातळ लाकडाला घट्ट बाक द्यायचा उद्योग केलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा असेल. मी छोट्या तंतुवाद्यांच्या कडा, म्हणजे बाजूच्या भिंती, वळवतो, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या. सुरुवातीच्या काळात मोडलेल्या पट्ट्या फेकून न देता एका खोक्यात टाकत गेलो होतो. चिक्कूपणा, दुसरं काही नाही. एक दिवस खोकं उपडं केलं आणि मोडलेल्या जागा ओळीने मांडून पाहिल्या. बाकाच्या आतल्या बाजूला पोट म्हणू आणि बाहेरच्या बाजूला पाठ. माझ्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या पाठीकडून फाटल्या होत्या. पोटाला सुरकुत्या होत्या, कुठे चुरगळल्याच्या खुणा होत्या, पण पोटापासून सुरू झालेली फाट शोधूनही सापडली नाही.

इतके दिवस मी एकाच गोष्टीच्या मागे होतो, लाकूड मऊ कसं करायचं. आणि मऊ झालेलं लाकूडसुद्धा ताणलं जात नाही.

दोष लाकडाचा की बाकाचा?

काहीही बदलण्याआधी ही एक चाचणी करा, बराच वेळ वाचेल. एकाच फळीतून कापलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलने क्रमांक घाला आणि प्रत्येकीच्या एकाच टोकाला बाणाची खूण करा. पहिली पट्टी बाण डावीकडे ठेवून वाकवा, दुसरी उलटी, म्हणजे बाण उजवीकडे. मोडल्यावर दोन अंतरं मोजा: फट बाणापासून किती लांब आहे आणि फर्म्यावर (ज्या साच्यावर पट्टी वळवतो त्यावर) ती नेमकी कुठे येते.

फट फर्म्यावर त्याच जागी राहिली, तर लाकूड निर्दोष आहे. तिथे बाक फार घट्ट आहे, किंवा उष्णता कमी पडते आहे, किंवा पाठीला आधार नाही. फट पट्टीबरोबर दुसऱ्या टोकाकडे सरकली, तर खोट फळीतच आहे. एका फळीतून निघालेल्या पट्ट्यांमध्ये तंतू एकाच ठिकाणी तिरके होतात, लपलेली गाठही सगळ्यांत सारख्याच अंतरावर येते. माझ्या एका अक्रोडाच्या फळीने मला असं पाच पट्ट्या दमवलं होतं. पाचही टोकापासून वितीभर अंतरावर मोडल्या आणि मी तेवढा वेळ पाइपच्या तापमानाला दोष देत होतो.

हिशेब

पट्टी २ मिमी जाड आहे आणि बाकाची आतली त्रिज्या २० मिमी, असं धरा. पूर्ण अर्धगोल वळवलात तर पोटाची लांबी होते साधारण ६३ मिमी आणि पाठीची ६९. सरळ असताना दोन्ही सारख्या होत्या. हा सहा मिलिमीटरचा फरक कुठून तरी निघायला हवा, म्हणजे पाठ लांबायला हवी नाहीतर पोट आखडायला हवं. नुसत्या हातांनी वाकवताना दोघंही निम्मं निम्मं वाटून घेतात असं मानलं, तर पाठीच्या वाट्याला जवळजवळ पावणेपाच टक्के ताण येतो.

लाकडाला झेपतं किती? कोरडं, थंड लाकूड टक्काभर ताणलं की हात टेकतं. नीट ओलसर आणि नीट तापलेलं चांगलं लाकूड फार तर दोन टक्के. पण तेच तापलेलं लाकूड तंतूंच्या दिशेने पंचवीस ते तीस टक्के दबून घेतं, तक्रार न करता.

आपण मागतोय पावणेपाच, मिळणार दोन. पाइपवर टेकलेलं पोट जास्त तापतं आणि आधी नमतं, त्यामुळे पाठीला थोडी सूट मिळते. काही पट्ट्या निभावून जातात त्या या सवलतीवर. बाकीच्यांना आणखी दहा रात्री भिजवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून पाठीला लांबूच द्यायचं नाही आणि सगळा फरक पोटाच्या गळ्यात मारायचा. वरच्या उदाहरणात पोटाला मग नऊ टक्के दबावं लागतं, आणि ते त्याच्या आवाक्यात आहे.

पाठीचा पट्टा

पाठीवर धातूचा पातळ पट्टा ठेवून लाकूड आणि पट्टा एकत्र वाकवणं, हा यावरचा उपाय जुना आहे. मिखाएल थोनेट हा जर्मन कारागीर आधी पातळ पट्ट्या सरसात उकळून एकावर एक चिकटवत असे. पुढे त्याने बीचचे अखंड दांडे वाफवून, बाहेरून लोखंडी पट्टा बांधून वळवायला सुरुवात केली. त्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची, ती गोल पाठीची, उपाहारगृहांतून जगभर गेली. आपलं काम त्यापुढे किरकोळ आहे, पण तत्त्व तेच.

पातळ पट्टीसाठी ०.२ मिमीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा पुरतो. लाकडापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद घ्या आणि कडा कानशीने मोडून टाका, नाहीतर बोटं कापतात. पत्र्याच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी ठोकळा स्क्रूने पक्का बसवा. ठोकळ्यांमधलं अंतर पट्टीच्या लांबीपेक्षा एखादा मिलिमीटर जास्त ठेवा आणि उरलेली फट पाचरीने भरा. पट्टीची टोकं अगदी काटकोनात कापलेली हवीत. तिरकं टोक ठोकळ्यावर एका कोपऱ्याने टेकतं आणि सगळा दाब तिथेच येतो.

हे ठोकळेच खरं काम करतात. ते टोकं अडवून धरतात म्हणून पाठीला लांबता येत नाही. ठोकळ्यांशिवाय नुसता पत्रा हाताने धरला तर काम अर्धंच होतं. पत्रा ढलपीला उचलू देत नाही, वाफ कोंडून ठेवतो, जोर एका रेषेत न येता पसरतो. २ मिमी पट्टीला ५० मिमीपेक्षा मोठ्या त्रिज्येसाठी एवढं बहुधा पुरतं. २० मिमीला पुरत नाही, तिथे ठोकळे हवेतच.

यात एक खोच आहे. पाचर फार आवळली तर पातळ पट्टी दबण्याऐवजी मध्येच पत्र्यापासून सुटून पोटाकडे फुगते. हे टाळायला बाकाच्या मध्यावर आधी क्लॅम्प लावा आणि तिथून दोन्ही बाजूंना वळवत जा. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उठायला लागल्या की पाचर जरा सैल करा. पहिल्या दोन-तीन पट्ट्या या अंदाजात जातात, त्या जाऊ द्या. त्यासाठी उरलेले तुकडे वापरा.

ऊब कमी पडते, पाणी जास्त होतं

लाकडाचे तंतू सेल्युलोजचे, आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं ते लिग्निन. ओल्या लाकडातलं लिग्निन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, कोरड्यातलं त्याहून बऱ्याच वर. पाण्याचं काम एवढंच की मऊ पडायचं तापमान ते खाली आणतं आणि उष्णता आतपर्यंत पोचवतं. थंड पाण्यात भिजलेली पट्टी जराशी लवचीक होते, पण बाक धरत नाही आणि ताणही सोसत नाही.

दोन मिलिमीटर पट्टीला अर्धा तास भिजवणं पुष्कळ झालं. मी अनेकदा नुसतं दोन्ही अंगांना पाणी फवारतो आणि बाक येईपर्यंत फवारत राहतो. वाफेच्या पेटीत ठेवत असाल तर दर २५ मिमी जाडीला एक तास हा सुतारांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने आपल्या पट्टीला पाच मिनिटं लागतात. मी दहा देतो. तासभर वाफवून काही जास्त मिळत नाही, उलट लाकूड हळूहळू ठिसूळ होतं.

वाफेच्या पेटीत पातळ पट्टीचं खरं दुखणं वेगळंच आहे. ती बाहेर काढली की बघता बघता थंड होते. जाड दांड्याला अर्धा-पाऊण मिनिट मिळतं, हिला दहा सेकंदही नाहीत. फर्मा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तुम्ही गार लाकूड वाकवत आहात. फर्मा पेटीला चिकटून ठेवा, क्लॅम्प आधीच उघडून मांडून ठेवा, पत्रासुद्धा पेटीतच तापवा. थंड पत्रा पट्टीतली ऊब क्षणात खेचून घेतो. घट्ट बाकासाठी मला तापलेला पाइपच जास्त आवडतो, कारण तिथे वाकवताना उष्णता चालूच राहते.

पाइप किती तापवायचा? पाण्याचा थेंब टाका. तो बसल्याजागी संथ उकळत राहिला तर पाइप गार आहे. चुर्र करून सेकंद-दोन सेकंदांत नाहीसा झाला तर ठीक. थेंबाची गोळी होऊन ती पाइपवर इकडेतिकडे पळायला लागली तर फार तापलाय. त्यावर पट्टी ठेवलीत तर आतून मऊ व्हायच्या आत वरून करपेल.

आणि जोर लावायची घाई नको. पट्टी पाइपवर टेकवून हलकाच भार द्या आणि थांबा. सुरुवातीला ती ताठ असते, पाणी सळसळतं, वाफ येते. मग एक क्षण असा येतो की हाताखालचा विरोध अचानक ओसरतो, जणू पट्टीने मान टाकली. तो क्षण बोटांना कळतो, सांगून कळत नाही. त्याच्या आधी दाबलंत तर मोडणार, तो आल्यावर पट्टी जवळजवळ आपणहून वळते. ओल संपून वाफ थांबली की जोर थांबवा आणि पुन्हा फवारा. कोरडं पडलेलं लाकूड पाइपवर दाबत राहणं हे मोडण्याचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे.

एकाच जागी तीन-चारदा तापवलेली पट्टी मी सोडून देतो. सतत उष्णतेने तंतू अशक्त होतात, आणि मग ढलपी न निघता बिस्किटासारखा सरळ काट पडतो. असा स्वच्छ आडवा तुकडा दिसला की दोन शक्यता धरा. एक तर लाकूड भाजून ठिसूळ झालं आहे, नाहीतर ते आधीच किडकं किंवा कुजकट होतं.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. वाफेच्या पेटीला वाफ बाहेर पडायला भोक ठेवा, ती हवाबंद करू नका. आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप गॅसच्या टॉर्चने तापवू नका, त्या धुराने माणूस आजारी पडतो. पीव्हीसी पाइपची वाफेची पेटी बऱ्याच जणांना सुचते. वाफेने तो पाइप मऊ पडतो आणि मधे झोल घेतो, मग पट्टीआधी पाइपच वळलेला असतो.

खोट लाकडात असेल तर

वाकवायच्या लाकडात तंतूंचा तिरकेपणा पंधरास एकपेक्षा जास्त नसावा, असा नियम सांगतात. जाड दांड्याला तो ठीक आहे. पातळ पट्टीला मी तो पुरेसा मानत नाही, आणि कारण सरळ आहे. २ मिमी पट्टीत तंतू पंधरास एक या उतारावर असतील तर ते एका अंगाला सुरू होऊन ३० मिमीत दुसऱ्या अंगाने बाहेर पडतात. आपला बाक आहे साठ-पासष्ट मिलिमीटरचा. म्हणजे एकही तंतू बाक पूर्ण पार करत नाही, आणि पाठीवर प्रत्येक तंतूचं तोंड ढलपी व्हायला टपलेलं.

तंतू पाहायचे ते पट्टीच्या कडेवर. रुंद अंगावरची नक्षी फसवी असते. कडेवर शाईचा थेंब टाकला तर तो तंतूंच्या दिशेने पसरतो, त्यावरून उतार दिसतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे फळीच्या टोकाचा तुकडा पटाशीने फोडणं. फाट जाते तीच तंतूंची दिशा, मग करवतीने तिला समांतर कापा. जमत असेल तर पट्ट्याच फोडून काढाव्यात आणि रंध्याने साफ कराव्यात. लाकूड वाया जातं, पण बाकावर कमी जातं.

लाटांसारखी नक्षी असलेलं मेपल दिसायला देखणं, वाकवायला वैताग. तिथे तंतूच वरखाली जातात, त्यामुळे प्रत्येक लाट ही एक कमकुवत जागा असते. असं लाकूड वापरायचंच असेल तर जाडी कमी करा आणि पत्र्याशिवाय हात लावू नका. व्हायोलिनच्या कडा मिलिमीटरभरच जाड असतात, आणि त्या नेमक्या याच लाकडाच्या करतात.

जाडीबद्दल सांगायचं तर, पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. २ मिमीची १.६ केलीत की जोर निम्म्यावर येतो आणि पाठीचा ताणही कमी होतो. पण ती सगळीकडे सारखी हवी. एखाद्या जागी स्क्रेपर (लाकूड खरवडायचं पातं) दोनदा जास्त फिरला तर बाक गोल न होता तिथेच दुमडतो. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, दर दोन बोटांवर लावून पाहा.

ओक, अ‍ॅश, बीच, अक्रोड ही वाकायला समंजस लाकडं. पाइन-देवदार जातीची मऊ लाकडं घट्ट बाकाला साथ देत नाहीत. भट्टीत वाळवलेल्या लाकडापेक्षा हवेवर वाळलेलं बरं, साधारण १५ ते २० टक्के ओल असलेलं. ताजं कापलेलं, चिंब ओलं लाकूड मात्र नको. पेशींत कोंडलेल्या पाण्याला दबताना जायला वाट नसते आणि पोट आतून फुटतं.

बाकीच्या तक्रारी

बाक गोल न येता कोनाकोनाचा येतो. पट्टी पाइपवर एका जागी थांबते, मग उडी मारून पुढे जाते, म्हणून. ती सतत थोडी थोडी सरकवत राहा, आणि पाइपची त्रिज्या हव्या त्या बाकापेक्षा थोडी लहान असू द्या.

रुंदीच्या दिशेने पन्हाळीसारखी खोलगट होते. एकाच अंगाला पाणी लागलं आहे किंवा एकच अंग कोरडं पडलं आहे. दोन्ही अंगं सारखी ओली करा आणि पाठीवरून पूर्ण रुंदीचा सपाट ठोकळा दाबा, नुसती बोटं नकोत.

पिळवटते. पट्टी पाइपला काटकोनात धरलेली नाही, किंवा तंतू तिरके आहेत. पहिलं सुधारता येतं.

काळेनिळे डाग पडतात. ओकसारख्या लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि साधं लोखंड ओलाव्यात भेटले की हे होणारच. स्टेनलेस पत्रा वापरा, पाइप लोखंडी असेल तर मधे अ‍ॅल्युमिनियमचा कागद घाला. पडलेला डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर पाण्याने नीट पुसा.

बाक दुसऱ्या दिवशी उघडतो. थोडा उघडणारच, त्यामुळे फर्मा हव्या त्या बाकापेक्षा जरा घट्ट करा. किती घट्ट हे लाकडागणिक बदलतं, एक तुकडा वाकवून मोजल्याशिवाय कळत नाही. पट्टी गार झाली म्हणजे झालं असं समजून क्लॅम्प काढू नका. ती वाळायला हवी. पातळ पट्टीला किमान एक पूर्ण दिवस लागतो, दमट हवेत तीन. पत्रा मात्र थंड झाल्यावर काढून घ्या, नाहीतर पाठ वाळतच नाही.

सगळं करूनही २० मिमीचा बाक मोडतच असेल तर अखंड पट्टीचा हट्ट सोडा. अर्ध्या मिलिमीटरच्या चार पट्ट्या केल्यात तर प्रत्येकीच्या पाठीला सव्वा टक्काच ताणावं लागतं. जरासं तापवून त्या आधी फर्म्यावर कोरड्याच बसवा, वाळू द्या, मग गोंद लावून एकत्र आवळा. पांढरा गोंद लाकडाला पुन्हा ओलं करतो आणि भाराखाली कालांतराने सरकतो. म्हणून सतत ताणाखाली राहणाऱ्या बाकाला मी इपॉक्सी गोंद लावतो. फर्म्याला आधी मेणकागद गुंडाळा. मी एकदा विसरलो होतो, ती पट्टी अजून फर्म्यालाच चिकटलेली आहे.